पतंगाच्या कागदाची पट्टी

तोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेला मराठीत नावं भरपूर. गरम चहावर आणि खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात ती फुंकर. फुंकणीतून चुलीत मारतात ती फुंक. दमून सोडला तर सुस्कारा, मन भरून आल्यावर सोडला तर उसासा. पण चष्म्याच्या काचेवर, शाळेच्या पाटीवर किंवा थंडीतल्या एसटीच्या खिडकीवर तोंड मोठं उघडून 'हाऽऽ' करून वाफ धरतात, त्या प्रकाराला धड नाव नाही. लहान मुलांच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसांतून सुटणारी हवा मोजणाऱ्या ज्या चाचणीला आपल्याकडे सरसकट 'फुंकायची टेस्ट' म्हणतात तिच्यात, नेमका हाच बिननावाचा प्रकार लागतो. आपण मुलाला सांगतो, 'फुंक.' मूल बिचारं सांगितल्याप्रमाणे फुंकतं. ओठांचा चंबू, गाल टम्म, आणि ग्राफवर उमटते ती गालांची करामत. फुप्फुसं बाजूलाच राहतात.

मुलांच्या तपासण्या खेळीमेळीनं कराव्यात हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. भिंतीवर कार्टूनं चिकटवली, टेबलावर दोन बाहुल्या मांडल्या, जाताना चॉकलेट दिलं की खेळ झाला, असा एकूण समज असतो. त्यानं मूल खोलीत टिकतं, एवढंच. ग्राफ सुधारत नाही. माझ्या मते इथे मुलाला रिझवणं हे खेळाचं दुय्यम काम आहे. ओठांना आणि घशाला जी हालचाल शब्दांत सांगता येत नाही ती त्यांच्याकडून करवून घ्यायची, यासाठी खेळ. म्हणून कुठला खेळ निवडायचा ही गोष्ट औषधाच्या मात्रेइतकी नेमकी ठरते. साबणाचे बुडबुडे उडवण्यात तरबेज झालेलं मूल स्पायरोमीटरपुढे हमखास अडकतं, कारण बुडबुडा जपून सोडलेल्या हवेला बक्षीस देतो आणि यंत्राला हवा असतो दणका.

चाचणी सांगायला सोपी आहे. छाती काठोकाठ भरायची, भरल्यावर दोन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही, सगळा जोर लावून हवा सोडायची आणि आत काही उरलं नाही असं वाटेपर्यंत सोडत राहायचं. मोठ्या माणसाला यात सहा सेकंद सहज लागतात, दमेकऱ्याला त्याहून जास्त. ११० सेंटिमीटर उंचीच्या पाच वर्षांच्या मुलाचा सगळा कारभार मात्र एक-सव्वा लिटरचा, पाण्याच्या बाटलीएवढा. शिवाय या वयात फुप्फुसांच्या मानानं श्वासनलिका ऐसपैस असतात, त्यामुळे बाटली सेकंदा-दीड सेकंदात रिकामी होते. मोठ्यांच्या रिपोर्टवर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा, म्हणजे एफईव्ही-वन, महत्त्वाचा असतो. लहानग्यांचं सगळंच सेकंदात उरकत असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत पाऊण सेकंदाचा आकडाही बघतात. सांगायचा मुद्दा असा की सगळा खेळ पापणी लवण्याच्या अंतरात होतो आणि जे शिकवायचं ते त्याआधीच शिकवून झालेलं असावं लागतं.

ही मुलं येतात कुठून? ऊसतोड सुरू झाली, फडातलं पाचट पेटलं, गुऱ्हाळांची धुराडी धुमसू लागली, की रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर घेऊन वाळव्यापासून कराडपर्यंतची पोरं दवाखान्यात दिसू लागतात. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ते दिवस वेगळे, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या धुरळ्याचे वेगळे. घरचे म्हणतात, 'बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल.' डॉक्टरांना आकडा हवा असतो. इथे एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून टाकलेली बरी: मूल ठणठणीत असलेल्या दिवशी चाचणी साफ नॉर्मल येऊ शकते आणि तरीही त्याला दमा असू शकतो. आणि मूल धापा टाकत आलं असेल तर त्या दिवशी चाचणीचं नावही काढायचं नाही. आधी उपचार.

तीन वर्षांखालच्या मुलाकडून ही अपेक्षाच ठेवू नये. तीन ते पाचमधली पुष्कळ मुलं सरावानं जमवतात, त्यापुढची बहुतेक सगळी. पण सराव म्हणजे यंत्रावर वीस वेळा फुंकवणं नव्हे. सराव यंत्राबाहेर करायचा, आणि शक्य तर आदल्या दिवशी, घरी.

घरी करायचा पहिला खेळ वाफेचा. छोटा आरसा मुलाच्या तोंडापुढे थोड्या अंतरावर धरायचा. आधी फुंकर घालायला लावायची: आरसा कोरडा. मग 'हाऽऽ': आरसा पांढरा. फरक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, घसा उघडण्याबद्दल चकार शब्द काढावा लागत नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये हा खेळ फसतो. सांगलीच्या चाळीस अंशांत तापलेल्या आरशावर कशाची वाफ धरणार! तेव्हा स्टीलची वाटी माठातल्या गार पाण्यात बुडवून, पुसून घ्यावी. वाटीच्या पाठीवर झकास वाफ धरते आणि फुटायचीही भीती नाही. 'एका हाऽऽमध्ये वाटी पांढरी' असं आव्हान दिलं की जोरही आपोआप येतो.

दुसरा खेळ पट्टीचा, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर. चाचणीत वापरतात तीच पुठ्ठ्याची नळी, म्हणजे माउथपीस, आदल्या दिवशी एक मागून घ्यावी. पतंगाच्या कागदाची दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापायची. ती नळीच्या पलीकडच्या टोकाला फक्त वरच्या कडेशी चिकटपट्टीनं अशी लावायची की दारावर पडदा सोडावा तशी ती भोकावर लोंबेल. पंखा बंद. मुलानं श्वास सोडला की पट्टी उचलली जाऊन आडवी होते, हवा कमी होत गेली की खाली येते, थांबली की लटकते. वहीचा कागद यासाठी जड. पहिल्या दणक्यात उडतो, पण शेवटची मंद हवा त्याला उचलत नाही, आणि आपल्याला शेवटाचीच तर काळजी असते. टिश्यूपेपर थुंकीनं भिजून नळीला चिकटतो. पतंगाचा कागद हलकाही असतो आणि त्याला ताठपणाही असतो.

ही पट्टी दुसरंही एक गुपित फोडते. मूल नळी तोंडात धरूनच श्वास आत घेत असेल तर पट्टी भोकावर फटकन चिकटते. ते वाईट नाही, पण चाचणीच्या दिवशी कसं करायचं हे ठरलेलं असावं. काही ठिकाणी नळी ओठांत ठेवून दोन-तीन साधे श्वास घ्यायला सांगतात आणि मग भरायला लावतात. काही ठिकाणी छाती बाहेरच भरून मग नळी तोंडात. दुसऱ्या पद्धतीत नळी ओठांपर्यंत येईतो अर्धी हवा सांडते, म्हणून नळी हनुवटीला टेकवूनच श्वास घ्यायची सवय लावावी.

भिरभिरं मात्र इथे दगा देतं. दिसायला ते अगदी योग्य वाटतं. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघितलेल्या मुलाला तर 'तुझी पवनचक्की फिरव' म्हटलं की पुरे. पण भिरभिरं हवा थांबल्यावरही स्वतःच्या वेगानं फिरत राहतं. मूल मध्येच थांबलेलं असतं आणि भिरभिरं फिरतंय म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पट्टी असली खोटी साक्ष देत नाही. गंमत म्हणजे हातात मावणाऱ्या बऱ्याच स्पायरोमीटरांच्या पोटात असतं ते एक इवलंसं भिरभिरंच, ज्याचे फेरे यंत्र मोजतं.

फुंकायचे खेळ शंभर सापडतील. श्वास आत घ्यायचे खेळ शोधावे लागतात, आणि पुष्कळ चाचण्या बिघडतात त्या इथे. अर्धवट भरलेल्या छातीतून कितीही जोरात सोडलं तरी आकडा कमीच येणार आणि निरोगी पोराच्या माथी आजार बसणार. 'काकवीचा वास घे' म्हटलं की मूल श्वास घेतं, पण नाकानं आणि सावकाश. सुरुवातीला ठीक. स्ट्रॉच्या टोकाला कागदाची टिकली ओढून धरायची आणि एका वाटीतून दुसऱ्या वाटीत नेऊन टाकायची, हा खेळ मुलांना फार आवडतो (टिकली स्ट्रॉच्या तोंडापेक्षा चांगली मोठी हवी, नाहीतर घशात जायची). पण हुशार पोरं उसाचा रस ओढल्यासारखं गालांनीच ओढतात, छाती जागची हलत नाही. त्यापेक्षा दचकण्याचं नाटक उत्तम. डोळे मोठे, तोंड उघडं, 'हॉ! अगंबाई!' दचकताना माणूस चटकन आणि पुष्कळ हवा आत घेतो, ते शिकवावं लागत नाही. दचकल्यावर 'अजून एक घोट, अजून एक घोट' म्हणत आपला हात मुलाच्या पोटापासून डोक्याच्या वर न्यायचा, माठ भरल्यासारखा. हात वर पोहोचला की सोडायचं. हाताची ही खूण चाचणीच्या खोलीतही तशीच वापरता येते, म्हणून टेक्निशियनला ती आधी सांगून ठेवावी.

फुगा? नको. फुगा फुगवताना गाल आणि ओठ लढतात, घसा नाही. आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या हाती न फुगवलेला रबरी फुगा देणं हे गुदमरण्याला आमंत्रण आहे. जत्रेतली पिपाणी आणि आत गोळी असलेली शिट्टी त्याच कारणांसाठी बाद.

आता चाचणीचा दिवस. समजा, विट्याहून सकाळच्या एसटीनं आज्जीबरोबर आलेली सव्वापाच वर्षांची मुलगी आहे. दारातच आज्जी म्हणते, 'गप ऱ्हा बरं का, न्हाईतर डॉक्टर सुई टोचत्याल.' संपलं. ह्या एका वाक्यानं दिवसाची मेहनत पाण्यात जाते. यावर 'नाही गं, सुई नाही' असं म्हणणंही फारसं कामाचं नाही, कारण मुलीच्या कानात पडतो तो शब्द सुई हाच. त्यापेक्षा जे होणार आहे ते सांगावं: 'ये, आपण वारा मोजायचं मीटर बघू.'

आधी उंची. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सननं दोन हजारांवर माणसांचे श्वास मोजून दाखवलं की छातीत मावणारी हवा उंचीबरोबर वाढते. आजही मुलाच्या अपेक्षित आकड्याचा हिशोब वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून होतो. म्हणून चपला काढून, टाचा भिंतीला लावून, सेंटिमीटरपर्यंत नीट मोजायचं. शाळेच्या दुमडून रिबिनीनं वर बांधलेल्या दोन वेण्या कधी कधी उंची मोजायची पट्टी दोन सेंटिमीटर वर ढकलतात. वेण्या सोडायला लावायच्या, आज्जी कुरकुरली तरी. हिशोब कुठल्या समीकरणांनी केला, २०१२ सालच्या जागतिक समीकरणांनी की २०२२ च्या, हे रिपोर्टवर असावं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासताना तेच वापरावं. नाहीतर मूल तेच, फुप्फुसं तीच आणि टक्के मात्र बदललेले.

मग लघवीला पाठवायचं. हसू नका. जोर लावताना चड्डी ओली झाली तर ते मूल पुन्हा कधी जोर लावणार नाही. पोट तुडुंब भरलेलं नसावं, कमरेची इलॅस्टिक घट्ट नसावी. दम्याचा पंप (इनहेलर) चालू असेल तर श्वासनळ्या उघडणारं साल्ब्युटामॉल साधारण चार ते सहा तास थांबवून आणायला डॉक्टर सांगतात. ते मनानं ठरवायचं नाही, आणि दम लागला तर चाचणीची पर्वा न करता पंप द्यायचा.

खुर्चीत पाय लोंबकळले तर मूल पुढे घसरतं आणि पोट दबतं. पायांखाली पाट ठेवावा, चक्क जेवायला घेतो तो. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. सकाळी यंत्राला तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीनं हवा भरून तपासलेलं असतंच (२.९१ ते ३.०९ च्या आत आकडा आला तर यंत्र पास), ते पुन्हा एकदा मुलीसमोर करून दाखवलं तर तिला बरं वाटतं: आधी यंत्राची परीक्षा, मग माझी. पिचकारी तिच्या हातात मात्र द्यायची नाही. पडली तर दुरुस्तीला जायची.

नळी. ही जागा जवळून बघण्यासारखी आहे. मुलगी नळीचं टोक ओठांच्या टोकावर धरते, शिट्टीसारखं. तिला सांगायचं, 'दातांच्या आत घे, चावू नकोस, ओठांनी मिठी मार.' जीभ कुठे आहे बघायचं. बहुतेक वेळा ती नळीच्या तोंडाशी बूच होऊन बसलेली असते. 'जिभेला खाली झोपव.' ओठांच्या कोपऱ्यांत फट राहते, तिथे बोट फिरवून दाखवायचं. सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात, त्याची चिंता नको. हवा अडवतात ते ओठ. चार-पाच प्रयत्नांनंतर पुठ्ठा थुंकीनं मऊ पडून चपटा होतो, तेव्हा नळी बदलायची. ओल्या नळीनं चांगल्या ग्राफची वाट लागते आणि दोष मुलावर येतो. नाकाच्या चिमट्यावरून रडारड होत असेल तर स्पायरोमेट्रीपुरता तो सोडून द्यावा, जोरात सोडलेल्या श्वासात नाकातून फारशी गळती होत नाही.

आणि मग टेक्निशियननं स्वतः करून दाखवायचं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, आणि नाटकाच्या प्रयोगालाही आपण खेळच म्हणतो. या खोलीत त्या अर्थाचा खेळ लागतो. लाजरा टेक्निशियन कामाचा नाही. डोळे विस्फारून दचकायचं, हात डोक्यावर जाईतो भरायचं, मग सगळं अंग झोकून 'हाऽऽ'. आवाजाची चढउतार ठरलेली: भरताना हलका आणि चढत जाणारा 'घे, घे, घे, घे', सुटताना एकच टोला, 'सोड!' 'फुंक' हा शब्द खोलीत उच्चारायचाच नाही. त्यानंतर 'अजून, अजून, अजून' असा घोष करतात. त्याऐवजी हुतूतू लावून बघा. पण हुतूतू मुलानं म्हणायचं नाही, आपण म्हणायचं. मुलीला सांगायचं: 'माझं हुतूतूतूतू संपेपर्यंत तुझा वारा संपला तर तू आऊट.' तिनं स्वतः नळीत हुतूतू म्हटलं तर आवाजाची थरथर ग्राफवर करवतीसारखी उमटते. दम धरण्याची ईर्ष्या तेवढी घ्यायची, आवाज आपला.

पहिले तीन-चार प्रयत्न ओळखीत जातात. मोठ्या माणसांत आठांपुढे सहसा जात नाहीत, मुलांत कधी जावं लागतं, पण प्रत्येक प्रयत्नानंतर मिनिटभर उसंत द्यायची. सलग मोठे श्वास घेतले की चक्कर येते. प्रत्येक वेळी आकडे घसरतच चालले असतील आणि खोकला वाढत असेल तर मूल कंटाळलंय असं धरून चालू नये. जोर लावल्यानंच श्वासनळ्या आवळत असू शकतात. थांबायचं.

ग्राफ वाचता आला तर खेळ बदलता येतो, आणि हीच या कामातली मजा आहे. ग्राफवर उभा दिसतो तो हवेचा वेग, आडवी दिसते ती सुटलेली हवा. चांगला ग्राफ म्हणजे डावीकडे उभा सुळका आणि मग उतार. लहान मुलांचा उतार जरा बाहेर पोट आलेला असतो, ते नॉर्मल. दम्यात तोच आत खोलगट होतो, पन्हळासारखा. सुळक्याच्या जागी गोल टेकडी दिसली तर मूल बिचकत सुटलंय. पुन्हा वाटी पांढरी करण्याकडे जायचं, 'सोड' म्हटल्यावर लगेच. सुरुवातीच्या या रेंगाळण्याला मर्यादा आहे: एकूण हवेच्या ५ टक्के किंवा १०० मिली, यातलं जे जास्त असेल ते. सव्वा लिटरच्या पोराचे ५ टक्के म्हणजे साठेक मिली, म्हणून त्याच्या वाट्याला १०० मिलीची सूट येते. उतार मध्येच कड्यासारखा तुटला तर मूल लवकर थांबलंय किंवा घसा मिटलाय. पट्टीकडे जायचं. मध्ये दात पडल्यासारखी खाच म्हणजे खोकला. घोटभर कोमट पाणी द्यायचं आणि वाट बघायची. सुळका भलताच उंच आणि सुईसारखा असेल तर खूश होऊ नका, पोरानं थुंकल्यासारखी गालांची पिचकारी मारली आहे. घरी पीक फ्लो मीटर वापरणारी मोठी मुलं तर आकडा वाढवायला हीच चलाखी करतात.

सहा वर्षांपर्यंतच्या मुलात सगळ्यात चांगल्या दोन प्रयत्नांमधला फरक १०० मिली किंवा १० टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या आत हवा. त्यापुढच्या वयाला १५० मिली. तेवढं जमलं की आणखी छळू नये.

पडद्यावरच्या मेणबत्त्यांबद्दल थोडं. बऱ्याच यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केकवरच्या मेणबत्त्या असतात, मूल जोरात सोडेल तशा विझतात. (समई फुंकून विझवायची नाही असं शिकलेल्या एखाद्या मुलीचा इथे गोंधळ होतो. तिला दुसरं चित्र द्या.) मेणबत्ती सुळका चांगला काढते, पण विझली की मूलही विझतं, शेवट हाती लागत नाही. म्हणून सुरुवातीला मेणबत्ती आणि मग रस्त्यावरून पुढे जाणारी गाडी किंवा माशी असं काही तरी. आणखी एक मेख: मेणबत्त्या किती हवेला विझाव्यात हे लक्ष्य बदलता येतं. ते निरोगी मुलाच्या आकड्यावर ठेवलं तर दम्याचं मूल कितीही झटलं तरी शेवटची मेणबत्ती विझत नाही. ज्या पोराला खरंच कमी हवा सोडता येते त्यालाच यंत्र 'हरलास' म्हणतं. लक्ष्य मुलाच्या पहिल्या प्रयत्नापेक्षा जरासंच वर ठेवावं.

मग दुसरी फेरी. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ डबीतून, साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून, आणि दहा ते पंधरा मिनिटांनी सगळं पुन्हा. श्वासनळ्या औषधानं किती उघडतात ते यात कळतं, म्हणजे रिपोर्टचा जीव या फेरीत असतो आणि मुलाचा जीव कंटाळलेला. अनुभवी लोक सगळे खेळ पहिल्या फेरीत संपवत नाहीत. एक नवं चित्र, एक नवा रंगीत कागद राखून ठेवतात. मधल्या पंधरा मिनिटांत पळापळ नको, रंगवायला द्यावं. औषधानं हात थोडे थरथरतात, छाती धडधडते, रेघ वाकडी जाते. मुलाला आधीच सांगितलं की ते घाबरत नाही.

जे मूल जोर लावूच शकत नाही त्याच्यासाठी जिथे सोय आहे तिथे ऑसिलोमेट्री करतात, आणि तिथे वरचं सगळं उलटं होतं. यंत्र नळीतून बारीक लहरी पाठवतं, मुलानं फक्त साधा श्वास घेत स्वस्थ बसायचं, बारा वर्षांखाली एका वेळी सोळा सेकंद, अशा तीन नीट नोंदी. गाल आईनं तळव्यांनी दाबून धरायचे, नाहीतर लहरी गालांतच जिरतात. इथे नाकाचा चिमटा हवाच. हुतूतूनं पेटलेलं मूल या यंत्राला निरुपयोगी. 'मांडीवर मांजर झोपलंय, उठवू नकोस' हा खेळ चालतो. नळीत गुदगुल्या होतील एवढं आधी सांगून ठेवायचं. आणि श्वासनळ्यांची सूज ओळखायला श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचा असेल तर मघाशी बाद केलेले साबणाचे बुडबुडे परत आणायचे. तिथे सेकंदाला ५० मिलीच्या एकसारख्या धारेनं, बारा वर्षांखालच्या मुलाला निदान चार सेकंद, हवा सोडावी लागते, म्हणजे अगदी बुडबुडा न फोडता मोठा करण्याची नजाकत.

खेळणी एकाची दुसऱ्याला द्यायची नाहीत. ज्यात तोंड लागतं ते सगळं ज्याचं त्याचं. धुता न येणारी कापडी बाहुली छातीच्या दवाखान्यात नकोच. नळी आणि पट्टी मुलाबरोबर घरी जाते.

विट्याच्या एसटीत खिडकीशी बसून ती मुलगी आता पुठ्ठ्याच्या नळीची पिपाणी करते. ओठांचा चंबू, गाल टम्म, पट्टी फडफडतेय. आज्जीनं रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरली आहे. फुगव म्हणावं गाल, आता कोण मोजतंय.